चौदावं अस्वल

२ नोव्हेंबर, रविवार

निलोफरच्या गच्चीवर खेळणी शिवायची बैठक. सहाजणी आल्या. माझं सातवं अस्वल पूर्ण झालं. डोळे एका रेषेत, कानांत जेमतेम एक मि.मी. फरक. निलोफरने ते हातात धरून चहूबाजूंनी फिरवलं. "हे इन्कम टॅक्सवालं आहे गं. आधी कागद दाखवा म्हणतंय." सगळ्या हसल्या. मीही, थोडं.

तसं का दिसतं ते मला कळतं. मी मागे वॉशर असलेले प्लॅस्टिकचे तयार डोळे वापरते. ते आतून दाबून बसवावे लागतात, म्हणजे डोकं भरायच्या आधीच जागा ठरवायची. कागदी साच्यावरून बिंदू बरोबर उतरवते, पण भरल्यावर कापड फुगतं आणि नजर भलतीकडेच जाते. वंदनाताईंचं उलटं. आधी डोकं गच्च भरतात, टाचण्या टोचून लांबून बघतात, मग कोटाची काळी बटणं शिवतात. "कुटं बघायचंय ते आदी त्यालाच इचारायचं, पोरी." त्यांचं अस्वल खरंच आपल्याकडे बघतं.

वं.ताईंनी चौदा आणली होती, सगळी अजून बिनडोळ्यांची. कठड्यावर रांगेत बसवली. माहेरच्या गावी, खर्ड्याजवळ, त्यांची वहिनी अंगणवाडी सेविका आहे. बालदिनाला तिथे वाटायची. भिंगारमध्ये दिवसभर ब्लाउज शिवून उरलेल्या वेळात केलीत. वहिनीने गावभर सांगितलंय म्हणे.

"केवढी मुलं?" मी विचारलं.

"तीन-चार वर्साची. मागनं धाकटी बी येत्यात लोंबकळत."

निघताना एक बटण मागून घेतलं. कशाला, ते सांगितलं नाही.

४ नोव्हें., मंगळ

जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या टेस्टिंग लॅबमध्ये. फरच्या तुकड्यावर वं.ताईंच्या पद्धतीने बटण शिवून ताण मोजायच्या गेजला लावलं. चार किलोच्या आतच निघालं. पुन्हा शिवलं, पुन्हा तेच. दोरा तुटत नाही, कापडाची वीण सुटते. वॉशरचा डोळा नऊ किलोलाही जागचा हलला नाही. शेजारच्या टेबलावरून पाटील म्हणाला, "नवीन पार्ट का, मॅडम?" हो म्हटलं.

बटणाचा आकार नेमका वाईट. छोट्या मुलाच्या घशात जाईल एवढं लहान, अडकेल एवढं मोठं.

संध्याकाळी बैठकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. खाली एक ओळ: शिवलेलं बटण चार किलोच्या आत निघतं, तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नये.

निलोफरचा लगेच फोन. "बरोबर आहे तुझं. पण असं? सगळ्यांसमोर? एक फोन नाही का करायचा बाईला?"

नाव कुठे घेतलंय, म्हटलं.

"प्रज्ञे, बटणं लावणारी ग्रुपात एकच आहे."

५ नोव्हें.

वं.ताईंची व्हॉइस नोट. "म्याडम, वीस वर्सं झाली शिवनकाम करती. आजपतुर माझ्या हातचं एक बटन निगालं न्हाई. गिऱ्हाइकाला इचारा." त्याखाली बाकीच्यांचे अंगठे. मग त्या ग्रुप सोडून गेल्या.

पोरीची म्याडम झाले. एका दिवसात.

ब्लाउजचं बटण कोणी चावत नाही. हे लिहिलं होतं, पुसलं.

९ नोव्हें., रवि

बैठकीला गेले नाही. आईने विचारलं, बरं नाही का. बरं आहे.

वं.ताईंना दोनदा फोन केला, उचलला नाही. मेसेज टाकला: डोळे धाग्याने भरता येतील, मी मदतीला येते. बघितलाय. उत्तर नाही. निलोफर त्यांच्या दुकानात जाऊन आली. ताई म्हणाल्या, "वयनीला शबूद दिलाय. आता काय डोळं नसलेली न्हिऊ?"

माझ्या सातव्याचे डोळे कापून काढले. तिथे दोन भोकं राहिली. का काढले ते माहीत नाही. आठवं कापायला घेतलं. फरची लव उलट्या दिशेने कापली. कापड वाया.

१४ नोव्हें., शुक्र

निलोफरने वं.ताईंच्या स्टेटसवरचा फोटो पाठवला. अंगणवाडी, पताका, मुलं ओळीत, प्रत्येकाच्या मांडीवर अस्वल. मध्ये वं.ताई, मोरपंखी साडी, त्यांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं.

मागच्या ओळीत एक बाई, कडेवर मूल. वर्ष-सव्वा वर्षाचं असेल. फोटो मोठा करून पाहिला. अस्वलाचं तोंड मुलाच्या तोंडात आहे.

काम चालू असताना चार वेळा तो फोटो उघडला. एक लॉट चुकून पास केला, परत मागवला.

१५ नोव्हें., शनि

दुसऱ्याच्या फोनवरून लावला. वं.ताईंनी उचलला. मी नाव सांगितलं, म्हटलं, ठेवू नका.

"ते कडेवरचं मूल कोणाचं?"

"रेनुकाची कार्तिकी. रडाया लागली म्हून वयनीनं येक दिलं."

"ते परत घ्या. आजच."

मशीन थांबवल्याचा आवाज. मग म्हणाल्या, "सगळ्या गावाम्होरं दिलंय. आता दारोदार फिरून हिसकून घेऊ व्हय? कुन्या तोंडानं?"

मी म्हटलं, तोंड तिचं आहे ताई, तुमचं नाही.

ठेवला त्यांनी.

वाक्य बरोबर होतं. तरी दिवसभर डोक्यातून जात नाही.

१६ नोव्हें., रवि

दुपारी दारात वं.ताई. हातात दोन मोठ्या पिशव्या, एसटीच्या धुळीने केस पांढरे. पहाटेच्या गाडीने माहेरी जाऊन सगळी गोळा करून आणली. आत बोलावलं तर उंबऱ्यावरच बोलायला लागल्या.

"तू हातानं वढून बघितलंस. लेकरं कुटं हातानं वढत्यात? मी दातानं वढलं. निगालं."

मग पाणी प्यायल्या. आईने पोहे केले.

तेरा आहेत. चौदावं नाही. रेणुका आणि तिचा नवरा शनिवारीच टोळीबरोबर ऊसतोडीला गेले. श्रीगोंद्याकडे, एवढंच वहिनीला माहीत. पोरगी आणि अस्वल बरोबर.

संध्याकाळपर्यंत बसून बटणं काढली, धाग्याने डोळे भरले. मी टाके मोजून घालते, त्या मोजत नाहीत. माझा एक डोळा झाला की लांब धरून म्हणायच्या, "ह्ये झोपलंय. ह्ये रुसलंय. ह्येला चष्मा लागंल." एकाला त्यांनी नुसतं "हं" म्हटलं. ते बरं झालं असावं.

जाताना म्हणाल्या, "वयनी बोलत न्हाई माझ्याशी." पिशवी बसपर्यंत धरली.

१९ नोव्हें., बुध

रेणुकाच्या नवऱ्याचा नंबर मिळाला. तीन दिवस बंद होता, आज लागला. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"अस्वल? हाय की. सोडत न्हाई त्येला. झोपताना बी लागतंय."

त्याचे डोळे कापून टाका, म्हटलं. आत्ताच. बटण गिळलं तर जीव जाईल.

"आंदळं करू व्हय त्येला?" हसला. मग, "बरं, बरं, काडतो," आणि फोन कटला. नंतर स्विच ऑफ.

"काढतो" याचा अर्थ किती धरायचा?

२१ नोव्हें.

ग्रुपवर चर्चा, अस्वलाचं नाक तपकिरी की काळं. एकशे दहा मेसेज. निलोफरने वं.ताईंना परत घेतलं, त्यांनी हात जोडल्याची खूण टाकली, बाकी काही नाही. मला कोणी विचारलं तर मी काळं म्हणेन. कोणी विचारलं नाही.

वं.ताईंचा फोन, मलाच. "झोप लागती का तुला?" नाही म्हटलं. "मला बी न्हाई. रविवारी जाऊ."

२३ नोव्हें., रवि

सकाळच्या एसटीने श्रीगोंदा, पुढे रिक्षा. कारखान्याच्या गेटवर गाड्यांची रांग. मुकादमांना विचारत, खर्ड्याकडच्या टोळ्या कुठे उतरल्यात ते काढलं. दुपार झाली. कालव्याच्या कडेला ऊसतोड्यांच्या झोपड्या, कोप्या म्हणतात, दहा-बारा. उसाचं वाळलं पाचट पेटवल्याचा धूर सगळीकडे.

कार्तिकी एका म्हातारीजवळ पोत्याच्या फारीवर बसलेली. अस्वल काळंकुट्ट झालंय. मांडीवर आडवं.

एकच डोळा.

वं.ताईंनी वाकून फारीखाली चाचपलं. म्हातारी म्हणाली, "कवा पडला काय म्हाईत. पडला असंल पाचटात."

उसाच्या फडातून रेणुकाला बोलावलं. आली, कोयता हातातच. वीस-एकवीसची असेल. तिच्या नवऱ्याने काढला का? "ते काय बोलले न्हाईत मला. आज सक्काळीच गाडी भरून कारखान्यावर गेल्यात, नंबर कवा लागंल सांगता येत न्हाई." फोन बंद.

मी अस्वल घेऊन बघितलं. हे मला येतं. कापलेला दोरा सपाट असतो, ओढून तुटलेला पिंजतो. इथे एक टोक सपाट आहे, तीन पिंजलेली. त्याने कोयत्याने अर्धवट कापून ओढला असेल. किंवा हे टोक ताईंनी शिवतानाच कापलेलं असेल. दोन्ही शक्य. भिंग नव्हतं. भिंग असून तरी काय.

राहिलेला डोळा ताईंनी कात्रीने कापला आणि कमरेला खोचला. पोरगी रडली नाही. खोकली.

"खोकला कधीपासून?"

"हितं आल्यापास्नं सगळीच खोकत्यात," रेणुका म्हणाली. "धूर हाय ना. खातीय, पितीय. काय झालंय तिला?"

निलोफरला फोन. ती मेडिकलमध्ये कामाला आहे, तिथल्या डॉक्टरांना विचारून सांगितलं: प्लॅस्टिक एक्स-रेत दिसेलच असं नाही, छाती ऐकायला हवी, थांबू नका. रेणुका म्हणाली, आज रविवार, दवाखाने बंद, आणि कारभारी आल्याबिगर पोरीला घेऊन कसं जाऊ. मी म्हटलं, नगरला चला, आत्ता, गाडी करते. ती मागे सरकली. माझा आवाज चढला असणार. वं.ताईंनी माझा दंड धरला, बाजूला नेलं. "तू बोलू नगंस. तुजं बोलनं कागदावानी लागतं."

मग त्या रेणुकाच्या शेजारी बसल्या. माहेर कुठलं, आई कोण, बाळंतपण कुठे झालं. अर्ध्या तासाने रेणुकाने कबूल केलं: सकाळी श्रीगोंद्यात दाखवू. तोवर वं.ताई तिथेच राहणार. "रात्री धाप लागली तर मी हाय. तवा कुनाला इचारनार न्हाई."

मी शेवटच्या एसटीने परत. मीही राहू शकले असते. सुचलं ते गाडीत बसल्यावर.

२४ नोव्हें., सोम

रजा टाकली. कारण: घरगुती.

श्रीगोंद्यात लहान मुलांचा दवाखाना. बाकावर लिहितेय, हातांना काहीतरी हवं म्हणून. नवरा पहाटेपर्यंत आला नव्हता. रात्र ठीक गेली, वं.ताई म्हणतात, दोनदा खोकली, दूध प्यायली. त्यांचे डोळे सुजलेत. पाचट बोटांनी चाळलं त्यांनी, जेवढं हाताला लागलं तेवढं. बटण नाही.

नंबर आला तेव्हा चौघी आत गेलो. मी दोरा, माप, तारीख सगळं सांगायला लागले. डॉक्टरांनी हात वर केला. "आई कोण?" रेणुकाला खुर्ची दिली. मला बाहेर थांबायला सांगितलं. दार अर्धवट उघडं होतं.

पोरगी शांत. अस्वल छातीशी. बिनडोळ्यांचं तिला चालतंय.

डॉक्टरांनी डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं, परत उजवीकडे. "श्वास वरवर घेतेय. खोल घेतल्याशिवाय नीट कळणार नाही. रडवा जरा."

रेणुकाने चिमटा काढला नाही. तिला जमेना. डॉक्टर थांबले.

वं.ताईंनी पुढे होऊन तिच्या हातातून अस्वल काढून घेतलं. बाहेर आल्या, माझ्या मांडीवर ठेवलं, आत गेल्या, दार लोटलं.

आता रडतेय ती. चांगली मोठ्याने.