पान्याने झालेला सत्कार

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (माझी खोली इतकी अरुंद आहे की साष्टांग घालताना दोन अंगं बाहेर जिन्यावर जातात; पण नमस्कार पुरा आठ अंगांचा समजावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं पित्त? आणि गच्चीवरची पाण्याची टाकी अजून गळते का? सोसायटीचे अध्यक्ष म्हणून तुम्ही तिच्यावर केलेली भाषणं आठवली की परमुलखातही अंगावर काटा येतो. बोलायला मी तुमच्याकडूनच शिकले. सध्या त्याचीच फळं भोगते आहे, म्हणून हे पत्र.

विद्यापीठाने मला ज्या घरी ठेवलं आहे तिथे माणसं तीन. मालकीणबाई दातांच्या डॉक्टर. दिवसभर आ वासलेल्या माणसांशी बोलायची सवय असल्याने समोरच्याने उत्तर द्यावं अशी त्यांची अपेक्षाच नसते. त्यांचे यजमान कुलपं दुरुस्त करतात. आणि तिसऱ्या म्हणजे मालकीणबाईंच्या आत्या, ज्यांनी उभा जन्म बंदरावर क्रेन चालवली. आत्याबाई कुठल्याही वस्तूकडे एक डोळा मिटून पाहतात आणि ती कशी उचलायची ते मनाशी ठरवतात. पहिल्या दिवशी माझ्याकडेही तसंच पाहिलं. म्हणाल्या, "हलकी आहे, पण हलते फार."

दर रविवारी जेवण झालं की या घरात सभा भरते. मालकीणबाई चमच्याने पेला वाजवतात, घराबद्दल ज्याला काही म्हणायचं असेल त्याने उभं राहून म्हणायचं, मग हात वर करून मतं. मामा, माझे डोळे भरून आले. आपल्याकडे लोकशाही चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर काढून ठेवतात, आणि इथे ती जेवणाच्या टेबलाशी मांडी ठोकून बसलेली! पहिल्याच सभेत मी न्हाणीघरातल्या गळक्या नळावर बोलले. नदीकाठी वसलेल्या संस्कृतींपासून सुरुवात केली, कालव्यांवरून पेटलेल्या लढाया घेतल्या, आतून झिरपत झिरपत कोसळलेल्या साम्राज्यांपर्यंत आले आणि 'हा नळ गळत नाही, आपली लाज गळते आहे!' असं गरजून खाली बसले. टाळ्या. ठराव एकमताने मंजूर. यजमान उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी मला एक मोठा लोखंडी पाना दिला.

मी काय समजणार? आपल्याकडे उत्तम भाषणाला ढाल देतात, इथे पाना देत असतील. मी तो कपाळाला लावला, आभाराचे चार शब्द बोलले (चारांचे किती झाले ते तुम्ही ओळखालच) आणि खोलीत तुमच्या फोटोशेजारी ठेवला. रोज फडक्याने पुसायची. पुढच्या रविवारी मालकीणबाईंनी विचारलं, "नळ?" मी म्हटलं, "त्यावर आणखी बोलू का?"

तेव्हा उलगडा झाला. या घरात ज्याने सुचवलं त्यानेच करायचं. आपल्याकडे भाषण झालं की काम संपतं. इथे ते तिथून सुरू होतं. आणि जो काम अर्धवट टाकेल त्याचा सभेत बोलायचा हक्क जातो. यजमानांनी कधीकाळी बाल्कनीच्या दाराची तक्रार केली होती. ते दार अजून लागत नाही. (कुलूपवाल्याच्या घरचं दार!) तेव्हापासून ते सभेत भुवयांनी बोलतात. एक भुवई वर म्हणजे हरकत, दोन म्हणजे अनुमोदन. मामा, मला उपाशी ठेवा, घरी परत पाठवा, पण भुवयांवर जगणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

नळ दुरुस्त केला. आत्याबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "डावीकडे फिरव. अगं, तुझी डावी! माझी काय बघतेस?" नखशिखांत भिजले आणि त्या दिवशीच गप्प राहायची शपथ घेतली. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला! जिन्यातल्या अंधारावर बोलले, दिवा बसवावा लागला. कुंपणं माणसाला माणसापासून तोडतात म्हणून कडाडले, तर कुंपण उपटावं लागलं. मग शेजाऱ्याचा कुत्रा आत येऊन माझ्या पुस्तकांवर झोपू लागला, त्यावर संतापून बोलले, तर तेच कुंपण पुन्हा ठोकावं लागलं. माझा प्रबंध वाणीच्या सामर्थ्यावर आहे. तो तसाच पडून आहे, कारण हाताला फोड आले आहेत.

म्हणून गेल्या रविवारी मी तोंडात पाण्याचा घोट धरूनच सभेला बसले. आणि नेमक्या आत्याबाई उभ्या राहिल्या. त्या सभेत कधी बोलत नाहीत. म्हणाल्या, "एवढी जहाजं भरून पाठवली, एकातही पाय ठेवला नाही. कुठे बोलावणारं कुणी नव्हतंच म्हणा. ही सूचना नाही हं, आपलं सहज बोलले." आणि बसल्या. मालकीणबाई ताटाकडे बघत राहिल्या. यजमानांनी दोन्ही भुवया वर केल्या. मामा, अनुमोदन हजर होतं, ठरावच नव्हता!

मी पाणी गिळलं.

काय बोलले ते आता नीटसं आठवत नाही. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. आत्याबाईंनी एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा, पदर नसल्यामुळे, बाहीने पुसला. या वेळी यजमानांनी पाना दिला नाही, एक रिकामी बॅग माझ्या हातात ठेवली.

असो. बाकी सगळं क्षेम आहे. मागणं काहीच नाही, आशीर्वाद तेवढा असावा.

तुमची
(अजून तरी बोलती) भाची

ता. क. : बोललेलं थोडं आठवलं. 'माझ्या मामांच्या दाराला कडी नाही! पाहुणा किती दिवस राहणार हे त्या घरात कुणी विचारत नाही!' असं काहीसं होतं. तेव्हा आत्याबाईंना तुमच्याकडे ठेवून घ्यावं. त्या काहीही खातात, कुठेही झोपतात. बूट पॉलिश करून त्यांनी रविवारपासूनच दाराशी ठेवले आहेत; जाता-येता ते दिसतात आणि मला दुसरीकडे बघावं लागतं.

ता. क. दुसरा : नाही म्हणायची घाई करू नये. मामींना मी हे पत्र लिहिण्याआधीच फोनवर विचारलं होतं. त्यांचा होकार आला असून 'ती सभेची पद्धतही बरोबर घेऊन या' असा निरोप आहे.

ता. क. तिसरा : पत्र पोचेल तोवर आत्याबाई निघालेल्या असतील. तुमचा फोटो त्यांना दाखवला. एक डोळा मिटून म्हणाल्या, "खुर्चीसकट उचलता येतील." टाकीबद्दलही मी सांगून ठेवलं आहे. दारात आल्या आल्या त्या दोन्ही हातांनी तुम्हाला एक पाना देतील. मामा, कपाळाला लावू नका.