दोन सीटची कयाक

४ मार्च, सकाळी ७
निवृत्त होऊन महिना झाला. परीक्षा विभागात एकतीस वर्षे काढली, एकही पेपर फुटू दिला नाही. मोकळा वेळ सांभाळणे म्हणजे काय मोठे. हे माझ्याआधी दोन वर्षे निवृत्त झाले. रोज सहाला गळ आणि घडीचे स्टूल घेऊन तळ्यावर जातात, अकराला येतात. मासा आणलेला मी अजून पाहिलेला नाही. कंबर मात्र धरलेली असते. उपाय: छोटी फिशिंग कयाक, म्हणजे पाठ टेकायच्या सीटची होडी. तळ्यात चालेल, खाडीच्या संथ पाण्यातही. निवड मी करणार. मला घरात करमत नाही असा याचा अर्थ अजिबात नाही.

६ मार्च
यांना सांगितले. एका सीटची बघ, म्हणाले. स्वभाव पहिल्यापासून संकोची. मनात दोन सीटचीच असणार.

९ मार्च
दुकान. दुकानदाराला माहिती पुष्कळ, शिस्त नाही. लांब कयाक सरळ जाते, आखूड चटकन वळते, रुंद डुलत नाही पण रेटावी लागते, हे सगळे एका दमात. मुद्देनिहाय पुन्हा सांगायला लावले. हवा भरायची बाद: गळ आणि हवा एकत्र नको. पाय आत घालून बसायचीही बाद. उरलेल्यांचा गुणतक्ता केला: स्थैर्य, वजन, वळणे, बैठक, सामानाची सोय. प्रत्येकी वीस गुण. प्रत्येकीत दहा मिनिटे बसून पाहिले. दुकानातल्या गालिच्यावर एकही हलली नाही. स्थैर्य सगळ्यांना वीसपैकी वीस.

१२ मार्च
लेकीचा फोन. "आई, बाबांना तिथे शांतता हवी असेल गं." तिला स्पष्ट सांगितले, मी बोलणारच नाही. फक्त सूचना देईन.

१५ मार्च
रुंद, आखूड, दोन सीटची पहिली आली. शंभरपैकी चौऱ्याऐंशी. फॉर्मवर दोघांची वजने हवी होती. यांना काट्यावर उभे केले. माझे वजन दाखल्यावरून लिहिले. नोकरीला लागताना वैद्यकीय तपासणी झाली होती, सहीशिक्क्याचा कागद आहे. काट्यावर कुणाची सही असते? आम्ही दोघे अधिक सामान, तरी कयाकच्या भारमर्यादेत तीन किलो शिल्लक.

१९ मार्च
कयाक आली. लिफ्टमध्ये मावेना, जिन्याच्या वळणावर अडकली. कयाक ठेवायची गॅलरी मी इंचाइंचाने मोजली होती. जिना विषयात नव्हता. वरच्या मजल्यावरचे पाऊण तास वर, खालचे खाली. शेवटी हे म्हणाले, तळ्यावरच ठेवू, रखवालदार ओळखीचा आहे. फोन लावून त्याच्याशी बराच वेळ हसून बोलले. घरात इतके कधी बोलतात?

२१ मार्च
तळ्यावर उद्घाटन. हे पुढे, मी मागे. सामान: नांगर, डबा, थर्मास, छत्री, फाइल. बसताक्षणी तळातल्या भोकांतून पाणी वर आले. ती भोके पाणी खाली जाण्यासाठी आहेत, हे मी दुकानदाराकडून लेखी घेतलेले आहे.

"तू उतरतेस की मी उतरू?" यांनी विचारले. केवढी सभ्यता. मी उत्तर देईपर्यंत उतरलेसुद्धा.

सगळा भार मागे, त्यामुळे नाक वर करून कयाक जागच्या जागी फिरू लागली. वळणे: पूर्ण गुण. फिरत फिरत तळ्याच्या मध्यावर गेले आणि तिथून यांना सूचना देत राहिले, मोठ्याने, कारण अंतर होते. यांनी स्टूल मिटले आणि पलीकडच्या काठाला जाऊन बसले.

२२ मार्च
हे सहाला गेले. दीडला आले. मी हॉल झाडला. दोनदा.

२३ मार्च
काट्यावर उभी राहिले. काटा बिघडला आहे.

२५ मार्च, सकाळी ११.४०
कयाक परत द्यायची ठरवले. कुणाला न सांगता साडेआठला तळ्यावर. पाहते तर काठापासून चार हात अलीकडे, कोरड्या गवतावर कयाक, आणि पुढच्या सीटवर पाठ टेकून, पाय पसरून हे. गळ पाण्यात. स्टूल बाजूला पडलेले. म्हणाले, कंबर चार दिवसांत दुखलेली नाही.

मी फाइल घेऊन उभी. यांनी वळूनही पाहिले नाही.

"मागची सीट रिकामी आहे. बस. सूचना नकोत."

बसले. दोन तास. मासा नाही. मी काही बोलले नाही. फक्त एकदा, गळ थोडा डावीकडे टाका, एवढेच. यांनी टाकला.

फिरायला आलेल्या एका बाईंनी विचारले, नाव पाण्यात कधी सोडणार? हे म्हणाले, हिने निवडली आहे, ही इथेच छान चालते. बाई हसल्या. हेही हसले. मी हसले नाही. बहुधा.

मग यांनी थर्मास उघडला. मी येणार हे माझेच सकाळी आठला ठरले होते. पिशवीतून कप मात्र दोन निघाले.

कयाक परत द्यायची नाही. गुणतक्त्यात फेरबदल नाही. स्थैर्य: वीसपैकी वीस.