पान अकराचं शुद्धिपत्र

ता. ५ जानेवारी

चिरंजीव,

मी ठीक आहे. गुडघा सोडला तर तक्रार नाही, आणि गुडघ्याची ऐकून घ्यायला कुणी नाही, तेव्हा तीही नाही. तुम्ही दोघं खुशाल असाल असं धरून चालते. स्वयंपाकघरातला नळ बदलला. खालचे भाडेकरू गेले, जागा रिकामीच आहे. छापखान्यात माझं टेबल आता जिन्याखाली हलवलंय. उजेड कमी, पण धूळही कमी.

पाच वर्षांनी पत्र लिहिते ते नळासाठी नाही, हे तुला कळलं असेल.

परवा ज्योतिषीबुवा छापखान्यात आले. आपल्या पंचांगाचं गणित करणारे, कानाला पेन्सिल लावून फिरणारे, तुला आठवतील. हातात नव्या वर्षाचं पंचांग, पान अकरा उघडलेलं. आल्या आल्या म्हणाले, "बाई, माणसांचं शुद्धलेखन संपलं वाटतं? आता आकाशाचं करायला घेतलंत?"

पान अकरावर संक्रांतीचा अर्थ सांगणारं त्यांचं टिपण आहे. त्यांनी लिहिलं होतं की मकर ही शनीची रास, शनी हा सूर्याचा मुलगा, आणि बापलेकांचं जन्मापासून वैर. तरी या दिवशी सूर्य आपणहून मुलाच्या घरी जातो. छापलंय ते असं: 'या दिवशी पुत्र शनी सूर्याच्या घरी येतो.'

मी म्हटलं, "टाइप करणाऱ्यानं घोळ घातला असेल." जुनं प्रूफ काढलं. टाइप केलेलं वाक्य बरोबर होतं. ते खोडून वर लाल शाईत लिहिलेलं अक्षर माझं.

एकतीस वर्षांत मी कुणाचा अर्थ बदललेला नव्हता. हे कसं झालं ते सांगते. शाळेत असताना तू मूळ प्रत मोठ्यानं वाचायचास आणि मी प्रूफ बघायचे. स्वल्पविराम आला की जिभेनं टक् वाजवायचास. आता दोन्ही कामं मीच करते. एकटीनं वाचलं की डोळा समोरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. माझ्या मनात, यायचं ते मुलानंच.

बुवांना हे सांगितलं नाही. उलट वाद घातला. "थोरानं धाकट्याच्या दारात जायचं, हा कुठला न्याय?"

"न्याय कसला, चाल आहे ती. शनी म्हणजे हळू चालणारा. एका राशीत अडीच वर्षं. तो येईल म्हणून बसलात तर बसूनच राहाल. सूर्य महिन्याला घर बदलतो. ज्याला निघता येतं त्यानं निघावं, एवढाच त्या सणाचा अर्थ. पुण्यकाळ वगैरे सगळं मागून येतं." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आणि पुढची कुंभ, तीही शनीचीच! बाप एकदा गेला की दोन महिने हलत नाही."

"सुनेचे हाल," व्यवस्थापक म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, बहुतेक.

मला शुद्धिपत्र लिहायला सांगितलं. चार बोटं रुंद पट्टी, उरलेल्या प्रत्येक प्रतीत चिकटवायची. अमक्याऐवजी तमके वाचावे, एवढंच. मला सबंध दुपार लागली.

कारण त्याआधीचं माझं एक शुद्धिपत्र बाकी होतं. तू लग्नपत्रिका पाठवलीस, ती मी लाल शाईनं तपासून परत पाठवली. 'प्रार्थनिय'मधला नि दीर्घ केला, 'आशिर्वाद'मधला शि दीर्घ केला. खाली लिहिलं, 'एवढं तरी शुद्ध लिहायला शिकवलं होतं.' आणि आले नाही. लोकांना कारण सांगितलं की तिचं आधीचं लग्न मोडलेलं. तुला तेही तोंडानं सांगितलं नाही. तू फोनवर म्हणालास, "आई, तू पत्रिकेतल्या चुका बघितल्यास. नावं बघितली नाहीस." मी म्हटलं, "माफी मागायची असेल तेव्हा ये."

चूकच तुझी नव्हती, तर माफी कसली मागणार होतास? आशीर्वाद हा शब्द मी दुरुस्त केला, दिला मात्र नाही.

सुट्टीच्या दिवशी मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचते, विरामचिन्हांसकट. नाही तर सोमवारी आवाज फुटत नाही. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. आहे ते आहे.

चौदा तारखेला सकाळच्या गाडीनं निघते. दहापर्यंत तुमच्याकडे पोचेन. आणायला येऊ नकोस, पत्ता मला पाठ आहे. नको म्हणायचं असेल तर तिनं लिहावं, तू भिडेखातर हो म्हणशील. तिनं दार उघडलं नाही, तरी तिला बोलू नकोस. तिच्या जागी मी असते तर मीही कडी काढली नसती. एकदाच बेल वाजवेन, थोडं थांबेन आणि दुपारच्या गाडीनं परतेन. उघडलं, तर आधी तिच्याशी बोलायचं आहे, तुझ्याशी नंतर.

तुझ्या घरी येणारी,
आई