तूर्केलकाकांचं नवं काडतूस

येम्टलँड, रविवार

प्रिय बाबा,

मी मजेत आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो?

काकांचं नवं काडतूस तुमच्या लाडक्या जुन्यापेक्षा लांब आणि सरळ जातं. काल दलदलीच्या अलीकडूनच मी पलीकडची मूस हरणाची मादी पाडली. "कळव म्हाताऱ्याला!" काका म्हणाले.

पलीकडे गेले, तर गवतात तिचं पिल्लू. आधी पिल्लू पाडायचं, मग आई, हे तुम्हीच शिकवलंत. आईवेगळं पिल्लू हिवाळा काढत नाही. पण इतक्या लांबून ते दिसलंच नाही.

आज ते तिथेच उभं होतं. मी तुमची जुनी बंदूक घेतली. तिचा पल्ला कमी, जवळ जावं लागतं, म्हणून निघाले.

बाबा, तेच माझ्याकडे चालत आलं. मग मी गोळी झाडली.

आईला सांगू नका.

तुमचीच,
सिग्रुन