आठव्या इनिंगला वांडा बोलली

हार्मन पॉइंट, ओहायो
सप्टेंबर, मंगळवार सकाळ

प्रिय थॅडी,

तू आणि कॉर्डेलिया, नवरा-बायको दोघंही सुखरूप असाल असं धरून चालतो. अ‍ॅरिझोनात अजून ऊन तापतच असेल. इथे सरोवरावरून वारं सुटलंय, मेपलच्या शेंड्यांना लाली चढली आहे, आणि गुडघा सोडला तर मी ठीक आहे. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

आपल्या ड्रेजर्सच्या बेसबॉलची खबर तुला तिकडे मिळत असेलच, पण वर्तमानपत्रात आकडे येतात, कारणं येत नाहीत. यंदा आपण तळाला आहोत. जुलैत मालकाने आपल्या शॉर्टस्टॉपला दुसऱ्या संघाकडे धाडलं, आणि त्या दिवसापासून दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधून चेंडू असे निसटतात, जसे फाटक्या जाळ्यातून मासे. मॅनेजर पिचर बदलायला नेहमी एक इनिंग उशिरा उठतो. मार्शल्स पहिले आहेत. असू देत. त्यांचा खेळ म्हणजे व्याकरण चोख असलेला निबंध. आपल्या लहानपणचे ड्रेजर्स हरायचेसुद्धा वृत्तात.

सिस्टर बेनेडिक्टा वर्गात कविता म्हणून घ्यायची, तेव्हा खिडकीतून स्टेडियमचे दिव्यांचे खांब दिसायचे, आठवतं? बर्फात अडकलेल्या जहाजाची ती कविता मला अजून तोंडपाठ आहे. शेवटचं कडवं मात्र नेहमी चुकायचं. दुपारच्या सामन्याचा गलका नेमका तेव्हाच यायचा आणि माझं मन भिंतीपलीकडे उडी मारायचं. वांडा मागच्या बाकावरून पुटपुटून ओळ पुरवायची. आपल्या बहिणीला कवितेची कधीच आवड नव्हती, पण पाठ सगळ्या असायच्या.

वांडा तशी बरी आहे. यंदा ती स्टेडियमवर गेली नाही. जिने चढवत नाहीत. तिचा पलंग आता पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर आणलाय.

रूफस टिलमन रोज येतो. हो, तोच. तू अ‍ॅरिझोनाला जाताना स्टेडियमवरच्या बाबांच्या दोन राखीव खुर्च्यांपैकी तुझी खुर्ची ज्याला देऊन टाकलीस, तो मार्शल्सवाला. त्या दिवसापासून वांडाने तुझं नाव टाकलं, आणि शेजारी बसूनही पहिला सबंध सीझन त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही. दुसऱ्या सीझनला पाऊस आला, आणि छत्री त्याच्याकडे होती. आता तो तिच्यासाठी कोबीचं सूप करून आणतो. त्यात मीठ नाही असं ती त्याला रोज सांगते. मीठ असतं, थॅडी. तिला लागत नाही.

आता गेल्या रविवारचं सांगतो.

दुपारचा सामना होता, मार्शल्सविरुद्ध. खालच्या संघातून नुकताच वर आणलेला सालास नावाचा एक डावखुरा पिचर आपल्याकडून चेंडू टाकत होता. चार इनिंग झाल्या, पाच झाल्या, सहा झाल्या, मार्शल्सच्या एकाही फटक्यावर कुणी बेस गाठला नाही, एकही हिट नाही! आणखी तीन तशाच गेल्या की विक्रम. आणि तुला सांगायला नको, अशा वेळी ते तोंडातून काढायचं नसतं. बोललं की मोडलं. डगआउटमधल्या बाकावर त्या पिचरशेजारी कुणी बसत नाही, त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि गावभर माणसं हवापाण्यावर बोलू लागतात. रूफस तर शत्रुपक्षाचा, पण पाळतो हा नेम.

"यंदा भोपळे मोठे धरलेत," तो म्हणाला.

"फारच मोठे," मी म्हटलं.

खरं म्हणजे मे महिन्यापासून आमच्या घरात भोपळ्यांवरच बोलणं चाललंय. फुप्फुसात आहे आणि यकृतात गेलंय, असं डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. वांडाने ऐकलं, मी ऐकलं, आणि गाडीत बसल्यावर मी ड्रेजर्सच्या पिचरांचा विषय काढला. ती म्हणाली, "डावखुरे कमी आहेत." तेव्हापासून तो शब्द घरात कुणी उच्चारलेला नाही. मला वाटायचं, आम्ही दोघं मिळून काहीतरी सांभाळतोय.

आठवी इनिंग सुरू झाली. वांडाने नाकातली ऑक्सिजनची नळी काढून हातात धरली.

"कॅझिमिर, या पोराने अजून एकही हिट दिलेली नाही."

"वांडा!" रूफस उभाच राहिला. "तोंड आवर, बाई!"

"आणि मी मरतेय," ती म्हणाली. "दोन्ही गोष्टी या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहेत. थॅडीला कळव."

पुढच्याच चेंडूवर फटका बसला. जिथे आपला शॉर्टस्टॉप उभा असायचा, नेमका तिथूनच चेंडू गेला. रूफसने टोपी जमिनीवर आपटली. "घालवलंस! फायदा माझ्याच संघाचा, तरी सांगतो, घालवलंस तू!"

"मी? सातव्या इनिंगपासून त्याचा खांदा खाली पडला होता. मॅनेजरला दिसलं, तुला दिसलं, या कवीलासुद्धा दिसलं. गप्प बसल्याने खांदा वर येतो होय रे, मार्शल्सच्या भक्ता?"

आणि ती हसली. हसता हसता खोकला लागला, आणि तो थांबेना. रूफसने आपला रुमाल तिच्या तोंडाशी धरला. रुमाल पांढरा राहिला नाही. मी नळी पुन्हा नाकात बसवली, तर ती वाकडी बसली; शेवटी तिनेच नीट केली. टीव्हीवर मॅनेजर पिचर बदलायला निघाला होता. आमच्यापैकी कुणी तिकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो, तर पलंगावरून आवाज आला, "त्यात शरद ऋतू घालू नकोस, कवी. सरळ लिही." मेपलचं वर लिहून बसलोच आहे, ते सोडून दे. सरळ लिहायला मला दोन दिवस आणि चार कागद लागले. डॉक्टरीणबाई आता महिने म्हणत नाहीत. आठवडे म्हणतात, आणि तेही खिडकीबाहेर बघत.

विमानतळावर रूफस येईल घ्यायला. त्याला मार्शल्सची टोपी बदलायला सांगितलं तर म्हणाला, "मरेन, पण बदलणार नाही," आणि मग स्वतःच्या शब्दाने इतका चपापला की अंगणात जाऊन उभा राहिला.

तिने तुला क्षमा केली आहे असं लिहिलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. काल मी तिला तसं विचारलंही. म्हणाली, "क्षमा कसली? त्याला समोर उभा करून चांगलं झापायचंय मला." तेव्हा गोड निरोपाची आशा धरून येऊ नकोस. ती भांडायलाच बोलावते आहे. पण आता एक वाक्य पुरं करायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागतं, आणि तुझ्यासाठी तिने बरीच वाक्यं साठवली आहेत. भांडण्याइतका श्वास तिच्यात आहे तोवर ये.

तिच्या उशाशी बसलेला,
तुझा थोरला भाऊ,
कॅझिमिर