कार्डावरचा माणूस

प्रिय वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आधी आठ्या पडल्या असतील. मग पाकीट बाजूला ठेवून तू हातातलं काम उरकलं असशील आणि मगच हे फोडलं असशील. फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर मी हवापाण्यावर बोलत बसते आणि मुद्द्याचं तसंच राहतं. मागच्या वेळी तू विचारलंस, ‘वन्सं, बऱ्या आहात ना?’ मी म्हटलं, ‘अगदी मजेत,’ आणि दोघींनीही सुटकेचा निःश्वास टाकला. तर मी मजेत नाहीये. मी रोज दादाचा आवाज ऐकते. घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. माझ्याबरोबर आणखी दहा-बारा माणसं तो ऐकतात आणि त्याचा त्यांना पगार मिळतो.

नीट सांगते. ज्याच्यापायी मी आपल्या त्या दोन खोल्यांत तुम्हा दोघांना सळो की पळो करून सोडलं होतं, ते आमचं अ‍ॅप आठवतंय ना? फोनमध्ये जागा उरली नसली तरी काढलेला फोटो, व्हिडिओ, आवाज थेट बाहेरच्या मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर जाऊन बसला पाहिजे, एवढंच त्याचं काम. ऐकायला सोपं. पण कार्ड ही जात मोठी बेइमान. वर छापलेलं असतं एक आणि पोटात मावतं निम्मं. कुठलं मध्येच दमतं, कुठलं सगळं घेतल्यासारखं करतं आणि परत मागायला गेलं की हात वर करतं. त्यामुळे घरी आल्यावरही मी दिसेल त्याचं चित्रण करून कार्डं तपासत बसायची. दुधाचं पातेलं, तुझे ओले केस, दादाचे बूट. ‘बुटांना विचारलंस का, त्यांना चालणार आहे का ते?’ असं तो मला सुनवायचा.

त्या संध्याकाळी अंधारात चित्रण कसं येतं ते पाहायला आपण दोघी दिवे घालवून बसलो होतो. फोन तुझ्या हातात होता, कारण माझा हात हलतो अशी तुझी तक्रार. तेवढ्यात दादा आला. दार उघडलं, मागे जिन्यातला उजेड, पुढे त्याचा नुसता काळा आकार. ‘घरात कुणी आहे का?’ म्हणाला, चाचपडत बटण दाबलं, आणि समोर आपण फोन रोखून बसलेल्या पाहून असा दचकला की हातातली हत्यारांची पिशवी धाडकन खाली पडली. त्यावर तू हसलीस. तुझं ते हसणं, आधी नाकातून फुसकन आणि मग आवरता आवरेना असं. तिथे रेकॉर्डिंग संपतं. लिफ्ट दुरुस्त करायला दिवसभर काळोख्या खड्ड्यांत उतरणारा माणूस स्वतःच्या घरात दोन बायकांना घाबरला, म्हणून आपण त्याला पुढे किती दिवस छळलं!

ते रेकॉर्डिंग मी ऑफिसात नेलं, त्यातला माणूस कोण ते कुणी विचारलं नाही, पण ते सगळ्यांना भलतंच आवडलं. अंधार, उजेड, हालचाल, बोलणं, आदळआपट, हसणं. कार्डाची परीक्षा घ्यायला लागतं ते सगळं एका दमात. तेव्हापासून आमचे टेस्टर तेच वापरतात. कार्डावर उतरवायचं, कार्ड बाहेर काढायचं, परत घालायचं आणि लावून बघायचं. शेवटचं हसू पूर्ण ऐकू आलं की पास.

पुढच्याच उन्हाळ्यात दादा सकाळी कामावर गेला आणि दुपारी त्याच्या कामावरच्या जोडीदाराचा फोन आला. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, तू होतीसच. मी काही दिवसांनी ऑफिसात गेले. सगळे हळू आवाजात बोलत होते, कुणीतरी पाणी आणून दिलं. मी खुर्ची ओढून बसते न बसते तोच पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, ‘घरात कुणी आहे का?’

वहिनी, मी उठून उभी राहिले होते. उत्तरच द्यायला निघाले होते. मग पिशवी पडली, तू हसलीस, टेस्टरने कार्ड काढलं आणि दुसरं घातलं. तो माझा भाऊ आहे हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, आणि नंतर जीभच रेटेना. त्यांनी त्याला नाव ठेवलंय, ‘पाहुणे’. त्याने विचारलं की कुणी ना कुणी तरी ओरडतं, ‘आहोत, आहोत, या!’ एक नवीन मुलगी लागली आहे, डोक्यावर कायम हेडफोन, बोलायला फटकळ. ती येऊन सांगते, ‘आज पाहुणे दारातच अडकले,’ नाहीतर ‘पाहुण्यांचा आवाज आला, तोंड नाही आलं.’ एकदा म्हणाली, ‘पाहुणे आले, पण कुणी हसलंच नाही.’ त्या दिवशी मी जेवायलाही उठले नाही. कुठे काय तुटतंय ते शोधून तुझं हसू जागेवर आणलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. काय कपाळ कौतुक!

तू म्हणशील, एवढंच आहे तर घरी घेऊन जा आणि ऐक. घरी आहे ना प्रत, कपाटात. एकदाही लावलेली नाही. घरी मला बटण दाबावं लागतं, आणि बटण दाबून बोलावं लागलं की तो गेलेला असतो. ऑफिसात तो आपणहून येतो. मी चहा घेत असते, कुणाशी भांडत असते, माझं लक्षही नसतं आणि तो दार उघडतो. जिवंत माणूस असाच येतो की नाही घरी? दुसऱ्या गावची चांगली नोकरी दोनदा चालून आली, मी नाही म्हटलं. तुझं पुन्हा लग्न ठरलं तेव्हा आले नाही, याचा अर्थ मी रागावले असा तू लावला असशील. राग नव्हता गं. मला तुझा हेवा वाटत होता. तू जीव मुठीत धरून त्या घरातून बाहेर पडलीस, भिंतीभिंतीत आठवणाऱ्या त्याच्या आवाजाला घाबरून का होईना, पण पडलीस. मी अजून तिथेच आहे.

आता परवाची गोष्ट. अ‍ॅप काही लोकांना आधी वापरायला दिलं आहे. नवं कार्ड घातलं की अ‍ॅप दादाचं रेकॉर्डिंग गुपचूप त्यावर लिहितं, वाचून ताडून पाहतं, कार्ड इमानदार निघालं की पुसून टाकतं. पण कुणी घाईने मध्येच कार्ड उपसलं, तर पुसायचं राहून जातं. मुलांच्या वाढदिवसांचे फोटो काढणाऱ्या एका फोटोग्राफरचा फोन आला. मीच उचलला. म्हणाला, ‘अहो, माझ्या कार्डावर माणूस आहे.’ तो एका आईला तिच्या लेकराचे फोटो दाखवत होता. फुगे, केक, फुगे, आणि मध्येच अंधारी खोली, दार उघडतंय. ती बाई किंचाळली. त्याने ते पुसलं, नवं कार्ड घातलं, घाईत काढलं, तर त्यावरही तोच. मग आवाज बारीक करून म्हणाला, ‘तो मला विचारतो हो, घरात कुणी आहे का. मी एकटाच राहतो.’

मी त्याला कार्ड का अर्धवट काढू नये ते समजावायला हवं होतं. मी म्हटलं, ‘घाबरू नका, फार चांगला माणूस होता तो.’ आणि फोन तसाच हातात धरून भोकाड पसरलं. त्या फटकळ मुलीने हेडफोन काढले, माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तेव्हा सगळ्या ऑफिसला कळलं, पाहुणे म्हणजे माझा भाऊ.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. वाटलं, आता हे रेकॉर्डिंग जाणार. तर ते म्हणाले, चूक दुरुस्त करू, पण रेकॉर्डिंग हेच राहू दे, याच्याइतकं चांगलं दुसरं जमलेलं नाही. अ‍ॅप आता सगळ्यांसाठी खुलं होणार. म्हणजे कुठल्या कुठल्या लोकांच्या लाखो कार्डांवर दादा दार उघडणार, विचारणार आणि कुणाला दिसायच्या आत पुसला जाणार. दिवसभर, रोज. त्यासाठी लेखी परवानगी हवी. दादाच्या वतीने माझी चालेल, आणि हसणाऱ्या बाईची तिची स्वतःची. दोघींपैकी एकीनेही नकार दिला तर ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवरून ते काढून टाकतील आणि खिडकीतल्या कुंडीचं नवं चित्रण करतील.

कागद सोबत जोडला आहे. खाली माझी सही दिसेल, ‘परवानगी आहे’ या ओळीपुढे. मी नकार द्यायचं ठरवून बसले होते गं, खरंच. पेन हातात घेतलं आणि बाहेर त्याने दार उघडलं. सही होऊन गेली. माझ्याच्याने ते होणार नाही, हे मला आता कळलंय. म्हणून तुला लिहिते आहे. वहिनी, तू नाही म्हण. मी पुन्हा फोन करीन, गयावया करीन, तुझ्या नव्या संसारावरून तुला वाटेल ते बोलेन. माझं काही एक ऐकू नकोस. हे पत्र पुढ्यात ठेव आणि नाही म्हण.

तुझीच, जशी आहे तशी,
वन्सं