चाळीस बाय पंचवीसची हिरवळ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, सगळीकडे टेलरबाई म्हणून ओळखली जाणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. गुडघे गेले, पण डोकं शाबूत आहे. आणि माझ्यावर दडपण आणायची या घरात कोणाची प्राज्ञा नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मागे ठेवण्यासारखं काही झालं नव्हतं.

१. समुद्रापासून दोनशे पावलांवरचं तीन खोल्यांचं घर माझ्या एकुलत्या एका मुलाला. खिडक्यांच्या बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्याने खाल्ल्या आहेत, त्या त्याने बदलाव्यात. दहा वर्षं हे तोंडाने सांगितलं, आता कायद्याने सांगते.

२. शिवणयंत्र, मोठी कात्री आणि बँकेतली ठेव लेकीला. त्या कात्रीने तिने कागद कापू नयेत.

३. घरामागची हिरवळ, चाळीस फूट बाय पंचवीस, विहिरीसह. वकील म्हणाले, दोन ओळी पुरेत. पण वकिलांच्या अंगणात फरशी आहे.

आमचे हे गेले त्या वर्षी मी हिरवळ करायची ठरवली. शिवताना मान वर केली की खिडकीतून नुसती पांढरी वाळू दिसायची, डोळे दुखायचे. शेजारी निवृत्त इंजिनिअर राहतात, त्यांना सगळे साहेब म्हणतात. ते कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, वाळूतून तेल काढायला निघालात की काय?"

मी रोपवाटिकेतून नाजूक गवताच्या पट्ट्या आणून अंथरल्या. शेणखत घातलं, गाडीभर माती मिसळली. वाळू सगळं गिळून पुन्हा कोरडी. उन्हाळ्यात विहीर मचूळ झाली की गवत करपायचं, की मी नव्या पट्ट्या आणायची. त्यात किनाऱ्याकडून एक राकट गवत सरपटत आत यायचं. ते तण समजून मी रोज सकाळी उपटायची आणि कुंपणापलीकडे साहेबांच्या अंगणात भिरकावायची. सहा वर्षं. हा गुन्हा मी इथे कबूल करते.

सातव्या वर्षी माझ्याकडे पिवळा कोंडा आणि साहेबांचं अंगण हिरवंगार! नाक मुठीत धरून गेले आणि विचारलं, "कुठून आणलंत हो?"

"आणतोय कशाला? तुम्हीच घरपोच देत होतात की!" ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला एक टोपली मात्र दिली, हे नाकारत नाही.

त्या टोपलीतली मुळं मी वीतवीत अंतरावर लावली. साहेब रोज वरवर पाणी शिंपडायचे आणि गवताची पार हजामत करायचे. मी दर तिसऱ्या दिवशीच, पण भरपूर पाणी द्यायची, म्हणजे मुळं पाण्याच्या मागे खोल जातात. खत चिमूटचिमूट, पण वरचेवर, कारण वाळूच्या पोटात काही टिकत नाही. पात्याचा वरचा तिसरा भाग सोडून कापणीयंत्र कधी खाली नेलं नाही. दोन वर्षांत साहेबांच्या अंगणाला टक्कल पडलं. मग टोपली माझ्याकडून गेली, कुंपणावरून नव्हे, पुढच्या दाराने.

मागच्या महिन्यात मी नऊ दिवस हॉस्पिटलात होते. तेवढ्यात मुलाने गाडी लावायला जागा हवी म्हणून पेव्हर ब्लॉकवाल्याला बोलावलं. सून हिरवळीच्या मधोमध खुर्ची टाकून बसली. "आई आल्याशिवाय एक ब्लॉक उतरवायचा नाही."

मुलगा म्हणाला, "अगं, आईला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना!"

ही तीच सून, जी चौदा वर्षं घरात चिखल येतो म्हणून कुरकुरत आली. मी घरी आले, आधी मागे गेले, पाय दाबून उचलला. गवत लगेच उभं राहिलं. विचारलं, "पाणी कधी घातलंस?"

"परवा. पाऊल उमटून राहायला लागलं, तेव्हा."

हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. ती खिडकीतून बघत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

म्हणून हिरवळ, विहीर आणि कापणीयंत्र सुनेला, तिच्या एकटीला. मुलाने रुसू नये. बसावं, लोळावं, चपला बाहेर काढून. एक जरी ब्लॉक घातला तर कलम एकमधलं घरही सुनेचं. ही गाठ वकिलांनी पक्की मारली आहे.

४. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकील सांगतात. म्हणून साहेबांना आग्रहाने साक्षीदार केलं आहे.

स्थळ: हिरवळीचा मधला भाग
दिनांक: सतरा मार्च, सकाळी साडेसात, दव वाळायच्या आत
(सही) टेलरबाई

वरील मजकूर टेलरबाईंनी आम्हांला वाचून दाखवला आणि आमच्यासमोर सही केली. आम्ही त्या वेळी हिरवळीवर अनवाणी उभे होतो. या किनाऱ्यावर याहून सरस हिरवळ आम्ही पाहिलेली नाही.

साक्षीदार १: (सही) पाण्याचे टँकरवाले
साक्षीदार २: (सही) शेजारचे साहेब. शेवटचं वाक्य खोडायला पेन उचललं होतं. पण सही करून खोटं बोलता येत नाही.